सात घरे, सात आठवडे

मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. पुण्याच्या सदाशिव पेठेत तिला त्यासाठी लांब जावे लागत नसे. वाड्याचा माळा, कोठीची खोली, जिन्याखालची अडगळ असे आडोसे हाताशी असत. आता बरेच वाडे जाऊन इमारती आल्या, आणि मांजरे गाड्यांखाली, टाकीमागे राहू लागली. माणसांच्या एवढ्या गर्दीत जन्मूनही त्यांतली कित्येक आपली चाहूल लागताच पळतात. घरातली मनी मात्र खुशाल मांडीवर झोपते. दोघींची जात एकच, मग हा फरक कशामुळे?

थोडे मागे जाऊन पाहू. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. बेटावर मूळची मांजरे नव्हती, म्हणजे कुणीतरी ती होडीतून नेली असणार. २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून आपल्या मांजरांचे पूर्वज आफ्रिका-पश्चिम आशियातले रानमांजर असल्याचे दिसले. बहुतेक संशोधकांच्या मते या रानमांजराला कुणी धरून माणसाळवले नाही. धान्याच्या कोठारांत उंदीर झाले आणि त्यांच्यामागे ते आपणहून आले. हा व्यवहार आपल्याकडेही ओळखीचा होता. प्लेगच्या काळात, १९०८ साली, अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू बुकॅनन यांनी उंदीर हटवण्यासाठी मांजरे पाळा, असा आग्रह धरला होता. (मांजरालाही प्लेग होतो, हे आज आपल्याला माहीत आहे.)

पण शेजार म्हणजे विश्वास नव्हे. १९८०च्या दशकात अमेरिकेत आयलीन कार्श यांनी दाखवले, की पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसाचा हात लागला तर ते माणसाला आपले मानते. नेमके याच काळात आई त्याला घरोघर लपवत असते! सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५च्या अभ्यासात धीट बोक्याची पिल्लेही धीट निघाली. म्हणजे थोडे रक्तातून येते, पण बरेचसे प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते.

मग मोठ्या मांजराचे काय? रोज एकाच वेळी, एकाच जागी खाणे ठेवावे. दूर, जरा कडेला बसावे. रोखून पाहू नये. डोळे सावकाश मिटावेत. २०२०च्या एका ब्रिटिश अभ्यासात अशा माणसाकडे मांजरे जास्त वेळा आली. अंतर किती कमी करायचे ते तिला ठरवू द्यावे. याला आठवडे, कधी महिने लागतात. काही मांजरे हाताला कधीच येत नाहीत; पण ठरल्या वेळी खायला आली, तरी पिंजरा लावून नसबंदी आणि रेबीजची लस देता येते.

मुलांना एक मात्र बजावावे: अनोळखी मांजराला हात लावू नये. चावले किंवा ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. विश्वास मिळवायचा असेल, तर तिच्या भीतीचाही मान राखायला हवा.