लाल रेघेवरचं स्टेशन

माझ्या घरगुती रिसीव्हरला विकतची तबकडी नाही. पुठ्ठ्याचा अर्धगोल कापला आणि त्यावर पेन्सिलीनं आकडे मांडले, ७००० पासून ७२०० किलोहर्ट्झपर्यंत. आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, हा चाळीस मीटरचा पट्टा. त्यात ७०८० च्या खाली लाल शाईची एक रेघ आहे. घरी आलेला माणूस हमखास विचारतो, ‘इथं कोणतं स्टेशन लागतं?’ मी सांगतो, ‘आता नाही लागत. १९४२ साली लागायचं.’

मी वर्ध्याचा. आयुष्य टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलं आणि उरलेला वेळ बिनतारी गप्पांत. मिनिटाला पाच शब्द या वेगानं मोर्सची परीक्षा नागपूरला देऊन लायसन काढलं, तेव्हापासून गच्चीवर वीस मीटर लांबीचा डायपोल अँटेना ताणलेला आहे. मधोमध बांबू, दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी. तो पहिल्यांदा बांधला तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, ‘काहून जी, एवढ्या उंचावर कपडे वाळवता काय?’

माझी दिनचर्या सूर्य ठरवतो. त्याच्या किरणांनी वरच्या विरळ हवेतल्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि विद्युतभारित थर तयार होतात, ते आयनांबर. साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा खालचा थर दिवसा आमच्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो, मग लहर थेट अडीचशे-तीनशे किलोमीटर वर जाते आणि तिथून वाकून दूर कुठंतरी उतरते. डिसेंबरात पहाटे साडेसहाला इथं तांबडं फुटत असतं, पण युरोपात अजून रात्र असते. त्या वीसेक मिनिटांत इटलीतला माणूस माझ्या दहा वॉटच्या हाकेला ओ देतो. ऊन भिंतीवर आलं की त्याचा आवाज विहिरीत उतरल्यासारखा खोल जातो. ‘सेव्हंटी थ्री’ म्हणजे आमचा रामराम, तो घाईघाईनं उरकावा लागतो. दुपारी जवळची मंडळी, दिवेलागणीला मुंबई-पुणे खणखणीत, आणि रात्र चढली की मुंबईची लहर वर्ध्याच्या डोक्यावरून निघून जाते. मग इंडोनेशिया, जपान.

या लहरी आमच्या वाट्याला आल्या त्या टाकाऊ म्हणून. पूर्वी समज असा, की लांब पल्ला हवा तर लहरही लांब हवी. म्हणून १९१२ च्या अमेरिकी कायद्यानं हौशी मंडळींना दोनशे मीटर आणि त्याखाली ढकललं. गावाबाहेरची पडीक जमीन द्यावी, तसं. त्या पडीकातच सोनं निघालं. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकी हौशींचे संकेत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबूत बसलेल्या पॉल गॉडलीनं टिपले. १९२३ मध्ये फ्रान्सच्या लेऑन डेलॉयनं अटलांटिकपलीकडे दुतर्फा संवाद साधला. आणि १८ ऑक्टोबर १९२४ ला लंडनच्या मिल हिल शाळेतला विद्यार्थी सेसिल गॉयडर न्यूझीलंडच्या फ्रँक बेलशी बोलला. म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाशी.

मग मोठ्यांची नजर तिकडे वळली. १९२७ साली भारताची इंग्लंडशी थेट शॉर्टवेव्ह तारसेवा सुरू झाली. तिचं प्रेषण पुण्याजवळ खडकीहून व्हायचं, ग्रहण दौंडला. वर्ध्याहून पुण्याला जाताना दौंडला गाडी थांबली, की मी खिडकीतून उगाच उंच खांब शोधतो.

आपल्याकडे कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्येच हौशी परवाना मिळवला होता. मंडळी मोजकीच, सुटे भाग परदेशी, बराचसा संच हातानंच जुळवलेला. १९३९ ला महायुद्ध पेटलं आणि सरकारनं सगळे परवाने बंद केले. गच्च्यांवरच्या तारा उतरल्या. एव्हाना गॉयडर इथं आला होता. १९३६ पासून तो ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता होता. शाळेतला हौशी आता सरकारी आवाजाचा कारभारी झाला होता.

आता आमच्या गावाकडे येतो. सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवलाय. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता, असं तिथं सांगतात. धंद्यानं टेलिफोनवाला असल्यानं मी प्रत्येक वेळी त्याच्यासमोर जास्तच रेंगाळतो. तार ज्याच्या हातात, संभाषण त्याच्या हातात. तो हवं तेव्हा तोडू शकतो. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी जावं असा ठराव केला, ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि ९ तारखेच्या पहाटे नेते गजाआड गेले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आमच्या जिल्ह्यातल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसं मेली. अशा बातम्या छापायला वर्तमानपत्रांना मोकळीक नव्हती.

२७ ऑगस्टला मुंबईतून काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र बोलू लागलं. ते चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. सोबत विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी. पाठीशी राममनोहर लोहिया. शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाणी यांनी सामग्री पुरवली. ट्रान्समीटर उभारला नरिमन प्रिंटर यांनी. तेही जुने हौशी, परवाने बंद होण्याआधीच्या पिढीतले. म्हणजे त्या वर्षी आकाशात दोन आवाज होते आणि दोन्हींमागे हौशींच्या आळीत वाढलेला एकेक माणूस उभा होता. एकाकडे सरकारची केंद्रं, दुसऱ्याकडे भाड्याच्या खोल्या. पोलीस माग काढत होते, म्हणून जागा सतत बदलायची.

लहर होती ४२.३४ मीटर. एका रात्री सहज कागदावर प्रकाशाच्या वेगाला त्यानं भागलं आणि उठून बसलो. उत्तर आलं ७०८० किलोहर्ट्झ. मी रोज फिरतो ती आळी! लाल रेघ त्याच रात्रीची. मुंबई ते वर्धा सरळ रेषेत सव्वासहाशे किलोमीटर. दिवेलागणीला हे अंतर ही लहर एका उडीत कापते, हे मी रोज कानानं अनुभवतो. तार कापता येते, कागद जप्त होतो. आकाशातून उतरणारी लहर आष्टीत उतरेल की अकोल्यात, हे व्हाइसरॉयला ठरवता येत नव्हतं.

पण लहरीचा उगम हुडकता येतो, आणि माणूस फुटतो. प्रिंटर पकडले गेले, त्यांनी ठिकाण दाखवलं. १२ नोव्हेंबरला पोलीस आले तेव्हा प्रक्षेपण चालू होतं. उषाताईंना चार वर्षांची सजा झाली. त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं, प्रिंटर यांचं चाचरत. आमच्या बिरादरीत मात्र त्यांना वगळून ही गोष्ट पुरी होत नाही. सोल्डरिंगची कांडी त्यांच्याच हातात होती.

परवा संध्याकाळी लाइन गेली. मला हवंच असतं. गल्लीतले एलईडी दिवे, चार्जर, गच्चीवरचे सोलर इन्व्हर्टर सगळे एकदम गप्प होतात आणि बँड पावसानंतरच्या हवेसारखा निवळतो. बॅटरीवर रेडिओ लावून काटा लाल रेघेवर आणला. एक मुंबईचा माणूस नाशिकच्याला तांब्याच्या तारेचा भाव विचारत होता. नाशिककरानं भाव सांगितला, वर मुलीच्या दहावीच्या निकालाची खबर दिली. मी नुसता ऐकत बसलो. याच जागेवर बोलल्याबद्दल कधीकाळी चार वर्षांची सजा होती, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

मुलीला शुभेच्छा द्याव्यात म्हणून मी बोलायचं बटण दाबलं, तोच लाइन आली. शेजारचा इन्व्हर्टर घुरघुरू लागला आणि मुंबई-नाशिक दोन्ही त्याखाली बुडाले.