दुःख नावाची मुलगी

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक गोव्यात नर्स आहे. तिच्या घरमालकिणीचं नाव डोलोरेस. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ ‘दुःखं’, असं कळलं आणि बैठकीत हप्ते गोळा करायचे राहिले बाजूला. लेकीचं नाव दुःख कुणी ठेवतं का?

आम्ही शोधायला बसलो. मूळ नाव ‘मारिया दे लोस डोलोरेस’, म्हणजे दुःखांची मारिया. येशूची आई. तिची सात दुःखं मानतात. तान्ह्या बाळाला घेऊन रात्रीच परमुलखात पळावं लागलं, बारा वर्षांचा मुलगा सणाच्या गर्दीत हरवला, शेवटी डोळ्यांदेखत त्याला क्रुसावर चढवलं. 15 सप्टेंबरला तिचा सण असतो. मारियाच्या अशा रूपांवरून स्पेनमध्ये मुलींची नावं पडली. मर्सिडीज म्हणजे कृपा, कोन्सुएलो म्हणजे दिलासा. (ती महागडी गाडीसुद्धा एका मुलीच्याच नावाची बरं का!) पोर्तुगीजांकडे याच नावाचं ‘दोरेस’ होतं.

म्हणजे हा आईच्या सोसण्याचा मान. आपल्याकडच्या ‘नकुशी’सारखं ते नाही. 2011 साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुशींना नवी नावं दिली, ते तुम्हाला आठवत असेल.

स्पेनमधून हे नाव मेक्सिकोत गेलं. तिथली नटी डोलोरेस देल रिओ 1920 नंतर अमेरिकेच्या सिनेमात गाजली. त्या काळात अमेरिकेतही घरोघरी डोलोरेस जन्मल्या. पुढे ते नाव मागे पडलं.

त्यातलीच एक डोलोरेस वेर्ता, जन्म 1930. आपल्यातल्या ज्या द्राक्षबागेत थिनिंगला जातात, त्यांनी हे नीट ऐकावं. 1962 मध्ये तिने सेझार चावेझ यांच्यासोबत शेतमजुरांची संघटना काढली. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमजुरांचा संप झाला, तो पाच वर्षं चालला. गिऱ्हाइकांनी द्राक्षं घेणं बंद केलं. 1970 मध्ये मालकांनी करारावर सह्या केल्या. मालकांसमोर बसून बोलणी करणारी हीच बाई. अकरा लेकरांची आई. ‘होय, जमतं’ ही घोषणाही तिचीच.

आमच्या गटातही एक नकुशी आहे. कागदावर नाव बदललं, घरातली हाक तीच राहिली. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, “त्या घरमालकिणीला घरात काय म्हणतात, ते विचारा की.”

फोन लावला. लोला म्हणतात.