माइल्स कुणाचे? विमानकंपन्यांच्या ‘निष्ठा’ योजनांचा इतिहास आणि अधूनमधून उडणारा प्रवासी

१/ १७ एप्रिल २०१९. रात्री अमृतसरहून एक विमान मुंबईकडे निघाले. १९९३ साली सुरू झालेल्या जेट एअरवेजचे ते अखेरचे नियमित उड्डाण ठरले. हजारो कर्मचाऱ्यांचे भवितव्य टांगणीला लागले. त्या मोठ्या संकटाच्या आड आणखी एक प्रश्न उभा होता. कामानिमित्त वर्षानुवर्षे प्रवास करून लोकांनी खात्यात साठवलेल्या माइल्सचे आता काय होणार? मुळात ते माइल्स होते कुणाचे?

२/ या प्रश्नाचे मूळ अमेरिकेत आहे. १९३८ पासून तेथे कोणत्या मार्गावर कोणती कंपनी उडणार आणि भाडे किती आकारणार, हे सरकारी मंडळ ठरवत असे. एका मार्गावर सर्वांचे भाडे जवळपास सारखेच. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमानवाहतूक नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि ही चौकट मोडली. मार्ग खुले झाले, भाडी खुली झाली, स्वस्तात उडवणाऱ्या नव्या कंपन्या बाजारात उतरल्या.

३/ सुटीवर निघालेला प्रवासी स्वस्त तिकिटाकडे वळणार, हे उघड होते. व्यावसायिक प्रवाशाचे गणित मात्र वेगळे होते. त्याची तारीख बैठकीवर ठरे, तिकीट ऐनवेळी काढले जाई, म्हणून ते महाग असे. पैसे त्याचे कार्यालय भरी, पण कंपनीची निवड बहुधा तो स्वतः करी. जुन्या कंपन्यांना हाच प्रवासी हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

४/ अमेरिकन एअरलाइन्सकडे त्यासाठी एक साधन आधीच होते. आयबीएमच्या साहाय्याने १९६०च्या दशकात उभारलेली ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षणप्रणाली. तिच्या नोंदींत वारंवार येणारे दूरध्वनी क्रमांक शोधून नेहमीचे प्रवासी निवडण्यात आले आणि १ मे १९८१ रोजी ‘एअ‍ॅडव्हांटेज’ योजना सुरू झाली. जितके मैल उडाल, तितके खात्यात जमा, पुरेसे साठले की मोफत तिकीट. आठवडाभरात युनायटेडने आपली योजना आणली. त्याच वर्षी डेल्टा आणि टीडब्ल्यूए मागोमाग आल्या.

५/ या योजनेची खरी मेख पाहण्यासारखी आहे. तिकिटाचा खर्च कार्यालयाचा, बक्षीस मात्र कर्मचाऱ्याच्या घरी. स्वस्त पर्याय सोडून ‘आपल्या’ कंपनीने जाण्याचा मोह त्याला व्हावा, हीच अपेक्षा होती. साहजिकच वाद झाले. २००२ मध्ये जर्मनीत सरकारी कामाच्या प्रवासातून मिळालेले माइल्स खासगी सहलींसाठी वापरल्याचे उघड झाले आणि ग्रेगोर गिझी यांनी बर्लिनच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अमेरिकेने उलट वाट धरली. २००१ च्या कायद्याने संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना असे माइल्स स्वतःसाठी वापरण्याची मुभा मिळाली.

६/ हा झाला कर्मचारी आणि मालक यांच्यातील वाद. प्रवासी आणि विमानकंपनी यांच्यातील वाद न्यायालयात गेला. १९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मोफत तिकिटांच्या जागांवर आणि तारखांवर नवी बंधने घातली, तीही आधी साठलेल्या माइल्सना लागू करून. सदस्यांनी दावा केला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, करारभंगाचा दावा चालेल, पण राज्यांच्या ग्राहकसंरक्षण कायद्यांचा आधार घेता येणार नाही. कारण? १९७८ चा तोच नियंत्रणमुक्तीचा कायदा.

७/ २०१४ मध्ये वर्तुळ पूर्ण झाले. मिनेसोटातील एका रब्बीचे सदस्यत्व नॉर्थवेस्टने रद्द केले होते. ते फार तक्रारी करतात, हा कंपनीचा आक्षेप. कंपनीने सद्भावनेने वागायला हवे होते, असा त्यांचा दावा. न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. ज्या कायद्याने प्रवाशाला स्वस्त तिकीट दिले, त्याच कायद्याने माइल्सच्या वादात त्याच्या हातातील बरीच शस्त्रे काढून घेतली. उरला तो करार, आणि कराराचा मसुदा कंपनीचा.

८/ दरम्यान माइल्स आकाशातून जमिनीवर उतरले होते. १९८७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स आणि सिटीबँक यांचे क्रेडिट कार्ड आले. बँका विमानकंपन्यांकडून घाऊक भावात माइल्स विकत घेऊ लागल्या आणि ग्राहकांना वाटू लागल्या. कंपनीच्या हाती जणू टांकसाळच आली. २०२० च्या महासाथीत विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले.

९/ टांकसाळीचा इतिहास वाचणाऱ्याला पुढचे सांगायला नको. नाणे पाडणाराच त्यातील धातू कमी करू शकतो. एकाच आसनासाठी लागणारे माइल्स वाढत गेले. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने, तर २०१६ मध्ये अमेरिकनने माइल्स अंतरावर नव्हे, तर भाड्यावर द्यायला सुरुवात केली. ऐनवेळी महाग तिकीट काढणाऱ्याचा लाभ झाला. वर्षातून तीन-चार वेळा, तेही कार्यालयाने शोधलेल्या स्वस्त तिकिटावर उडणाऱ्याचा वाटा घटला.

१०/ या अधूनमधूनच्या प्रवाशाला हात दिला तो एका वेगळ्या घडामोडीने. १४ मे १९९७ रोजी एअर कॅनडा, लुफ्तान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड यांनी ‘स्टार अलायन्स’ स्थापन केली. १९९९ मध्ये ‘वनवर्ल्ड’ आणि २००० मध्ये ‘स्कायटीम’ आली. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये दाखल झाली. त्यामुळे मुंबईहून लुफ्तान्साने फ्रँकफुर्टला गेलेला प्रवासी ते माइल्स एअर इंडियाच्या खात्यातही जमा करू शकतो. विखुरलेले प्रवास एका ठिकाणी साठू लागले.

११/ आता पुन्हा जेटकडे. तिची योजना एका स्वतंत्र कंपनीकडे होती आणि त्या कंपनीत २०१४ पासून एतिहादचा ५०.१ टक्के हिस्सा होता. म्हणून विमाने थांबली तरी योजना बुडाली नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती ‘इंटरमाइल्स’ झाली. पण ज्या विमानांसाठी लोकांनी माइल्स साठवले, ती विमानेच उरली नव्हती. याउलट १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सदस्यांचे पॉइंट नव्या घरी हलवले गेले. दोन्ही वेळा निर्णय प्रवाशाच्या हाती नव्हता.

१२/ मग वर्षातून मोजक्या वेळा कामानिमित्त उडणाऱ्याने निवड कशी करावी? इतिहासातून निघणारे निकष साधे आहेत. आपल्या शहरातून, आपल्या मार्गावर कोण उडते, हे आधी पाहावे. सोनेरी-चंदेरी श्रेण्या नेहमीच्या प्रवाशासाठी घडवलेल्या आहेत, त्यांच्यामागे धावू नये. एका संघातील सर्व प्रवास एकाच खात्यात नोंदवावेत. मुदतीचा नियम वाचावा: डेल्टाने २०११ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये माइल्सची मुदत रद्द केली, इतर अनेकांनी नाही. जो सावकाश साठवतो, त्याच्यासाठी हा नियम सर्वांत मोलाचा. माइल्स कर्मचाऱ्याचे की कार्यालयाचे, हेही नोकरीच्या नियमांत तपासावे.

१३/ आणि साठले की वापरावेत. १९८८, २०१५, २०१९ या तिन्ही वर्षांनी तेच शिकवले. बँकेतील ठेवीवर व्याज चढते, माइल्सवर चढत नाही. खात्यावर नाव प्रवाशाचे असते, त्या खात्याचे नियम मात्र दुसरा कुणी लिहितो आणि बदलतोही तोच. ‘निष्ठा’ हा शब्द या योजनांनी प्रवाशाकडून मागितला. कंपनीनेही ती पाळावी, असे करारात कुठेच लिहिलेले नव्हते.