फोटोंनी बांधलेली घरं

पाडायला निघालेल्या जुन्या वाड्यांचे फोटो काढून त्यांची आभासी सफर तयार करणं हा माझा पुण्यातला व्यवसाय. दिंडी दरवाजातून आत शिरायचं, चौक ओलांडून ओसरीवर यायचं, माजघरात डोकवायचं, हे सगळं पडद्यावर बोटाने. बघणाऱ्यांना वाटतं, बिल्डरांनी फ्लॅट खपवायला काढलेलं हे नवं खूळ आहे. प्रत्यक्षात ही विद्या दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचा जन्म इमारती विकण्यासाठी नव्हे, जपण्यासाठी झाला.

१८५८ साली जर्मनीतल्या वेट्झ्लर गावी आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण वास्तुविशारद तिथल्या कॅथेड्रलची मापं घेत होता. उंचावर काम करताना त्याचा तोल गेला आणि तो पडता पडता वाचला. जीव धोक्यात घालण्यापेक्षा फोटोवरूनच मापं का घेऊ नयेत, हा विचार त्याने तेव्हापासून सोडला नाही. एकच कोपरा दोन ठरावीक जागांवरून टिपला, तर दोन्हीकडून येणाऱ्या दृष्टिरेषा जिथे छेदतात तिथे तो कोपरा असतो, हे त्यातलं गणित. १८८५ मध्ये प्रशियाच्या सरकारने याच कामासाठी बर्लिनमध्ये संस्था काढली. तिथे सुमारे वीस हजार काचेच्या निगेटिव्ह जमल्या. दुसऱ्या महायुद्धात पडझड झालेल्या इमारतींच्या दुरुस्तीला त्यातल्या काही उपयोगी पडल्या.

पण मापं मिळाली म्हणजे घरात फिरता आलं, असं नव्हे. फिरण्याची कल्पना पडद्यावर आणली ती अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी. १९७८च्या सुमारास त्यांनी कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेन गावात मोटारीच्या टपावर चार कॅमेरे बसवले आणि दर दहा फुटांवर चारही दिशांचे फोटो घेत रस्ते पालथे घातले. पैसा होता संरक्षण खात्याचा. लेझर डिस्कवरच्या या गावात वळणावर डावीकडे जायचं की उजवीकडे, हे बघणारा ठरवायचा. काही इमारतींच्या आतही शिरता यायचं.

१९९५ साली अ‍ॅपलच्या क्विकटाइम व्हीआरने हा खेळ घरच्या संगणकावर आणला. एका जागी उभं राहून गोल फिरत फोटो काढायचे, ते जोडायचे आणि मग एका जागेवरून पुढच्या जागेवर उडी मारायची. माझ्या कामाचा सांगाडा आजही हाच आहे.

यातली मेख समजायला ओसरीवरच यावं लागतं. समोर हातभर अंतरावर सागवानी खांब, त्यामागे भिंतीत कोनाडा. कॅमेरा नुसता तिपाईवर बसवून फिरवला, तर एका फोटोत खांब कोनाड्याच्या डावीकडे दिसतो आणि दुसऱ्यात कोनाडा झाकून टाकतो. असे दोन फोटो जुळणार कसे? म्हणून कॅमेरा मागे सरकवून तो लेन्समधल्या एका विशिष्ट बिंदूभोवती फिरवावा लागतो. त्याला आम्ही नोडल पॉइंट म्हणतो. तो बरोबर साधला की खांब जागचा हलत नाही. शेजारच्या दोन फोटोंत पाव ते तृतीयांश भाग सामाईक ठेवायचा आणि एक्स्पोजर कायम ठेवायचं, नाहीतर भिंतीवर उजेडाचे पट्टे उमटतात.

जोडणीचं किचकट काम सोपं केलं फुर्टवांगनचे प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी. १९९८ मध्ये त्यांनी आपली पॅनोरमा टूल्स फुकट वाटली. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या डेव्हिड लोव यांनी दोन फोटोंतल्या समान खुणा संगणकाला आपोआप शोधता येतील अशी रीत मांडली. या रीतीच्या बळावर २००६ मध्ये स्नेव्हली, साइट्झ आणि झेलिस्की यांनी अनोळखी पर्यटकांचे फोटो एकत्र करून वास्तूंची त्रिमित रचना करून दाखवली. मायडेनबाउअरच्या छेदणाऱ्या रेषाच त्या, फक्त आता लाखोंनी आणि संगणकावर. फोटोंतून त्रिमित दृश्य उभं करणाऱ्या २०२३च्या गॉसियन स्प्लॅटिंग या तंत्रातही कॅमेरा नेमका कुठे होता, हे आधी असंच शोधून काढावं लागतं.

आता यातलं काय टिकलं, याचा हिशेब मांडू. क्विकटाइम व्हीआरच्या फाइली नव्या संगणकांवर सहजी उघडत नाहीत. मायक्रोसॉफ्टने फोटो जोडून दृश्य उभी करणारी आपली फोटोसिंथ ही सेवा २०१७ मध्ये बंद केली. २०२०च्या अखेरीस ब्राउझरमधल्या फ्लॅश या तंत्राने मान टाकली आणि त्यावर बांधलेल्या कितीतरी सफरी मुक्या झाल्या. मायडेनबाउअरच्या काचा मात्र अजून वाचता येतात, कारण त्या साधे फोटो आहेत.

म्हणून वाड्याची सफर करून घेणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे: नुसती लिंक घेऊन समाधान मानू नका. मूळ फोटो पूर्ण आकारात मागून घ्या, कोणता फोटो कुठे उभं राहून काढला याचा साधा नकाशा सोबत ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या घरी, भावाबहिणीकडे द्या. मूळ फोटो हातात असतील, तर सफर उद्याच्या कुठल्याही तंत्राने पुन्हा बांधता येईल.