तिघांचा बाजार, एकाचे कारखाने

शेजारी देशांनी आपसातली जकात उठवली की बाजार वाढतो आणि सगळ्यांचंच भलं होतं, असं आपण नेहमी ऐकतो. बाजार वाढतो हे खरं. पण त्या बाजारासाठी कारखाने कुणाच्या अंगणात उभे राहतात? पूर्व आफ्रिकेतल्या केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांचा संसार याच प्रश्नावरून बिनसला.

इंग्रजी अमलात हे मुलूख एका जकातीखाली आले. १९१७ मध्ये केनिया आणि युगांडा, तर १९२७ पर्यंत टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग. हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी मोंबासा बंदरापासून जी रेल्वे बांधली, तिच्या वाटेवर नैरोबी शहर वसलं. गोऱ्या वसाहतवाल्यांचं भांडवल तिथं, बँका तिथं. साहजिकच पक्का माल बनायचा केनियात आणि खपायचा तिन्हीकडे.

स्वातंत्र्यानंतर हे दुखणं वर आलं. १९६७ साली कंपालात करार होऊन ‘पूर्व आफ्रिकी समुदाय’ स्थापन झाला. रेल्वे, बंदरं, टपाल, विमान कंपनी हे सारं सामाईक राहिलं. मागं पडलेल्यांसाठी दोन उपाय योजले. शेजाऱ्याशी व्यापारात तूट येणाऱ्या देशाला त्याच्या कारखानी मालावर काही काळ कर लावता येईल, हा पहिला. दुसरा, सामाईक विकास बँकेचा. तिच्या गुंतवणुकीत युगांडा आणि टांझानियाला प्रत्येकी ३८.७५ टक्के, तर केनियाला २२.५ टक्के वाटा ठरला.

औषध योग्य होतं, पण मात्रा कमी पडली. केनियाची आघाडी कायम राहिली. त्यात टांझानियानं समाजवादाची वाट धरली, केनियानं खासगी भांडवलाची. १९७१ मध्ये युगांडात इदी अमीननं सत्ता बळकावली आणि टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी त्याच्याबरोबर बैठकीला बसायचंच नाकारलं. १९७७ मध्ये सामाईक विमान कंपनी मोडली, टांझानियानं केनियाची सीमा बंद केली आणि समुदाय संपला. ती सीमा उघडायला १९८३ उजाडलं. मालमत्तेच्या वाटण्या १९८४ मध्ये झाल्या.

पुढं १९९९ मध्ये नवा करार झाला. या वेळी जुनी ठेच लक्षात होती. २००५ पासून युगांडा आणि टांझानियाचा माल केनियात जकातीविना जाऊ लागला. केनियाच्या ठरावीक मालावरची जकात मात्र पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं उतरवली गेली. दुबळ्याला सावरायला तेवढा अवधी मिळाला.

आज या समुदायात आठ देश आहेत. कुरबुरी संपलेल्या नाहीत. मार्च २०२१ मध्ये केनियानं बुरशीच्या विषाचं कारण देऊन या दोन शेजाऱ्यांचा मका अडवला. पण काही दिवसांतच अटी घालून तो पुन्हा येऊ दिला. १९७७ मध्ये भांडण घर मोडण्यापर्यंत गेलं होतं. या वेळी ते उंबऱ्याच्या आतच मिटलं.