पानिपतचा हिवाळा : अडीच महिने उघड्यावर

पानिपतच्या पराभवाची कारणे मोजताना उपासमार, बुणगे, तोफखाना, सरदारांतील बेबनाव यांवर पुष्कळ लिहिले जाते. थंडी मात्र एखाद्या वाक्यात उरकली जाते. १ नोव्हेंबर १७६० च्या सुमारास मराठी फौज पानिपतला तळ देऊन बसली आणि लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. म्हणजे उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत कडक हिवाळा या माणसांनी मोकळ्या मैदानात काढला. तो कसा काढला असेल?

आधी ही माणसे कोठची, ते पाहू. फौजेतील एक मोठे पथक शिंद्यांचे होते आणि शिंद्यांचे नाते नगर प्रांताशी घट्ट जुळलेले होते. श्रीगोंदे त्यांचे, पारनेरजवळचे जामगावही त्यांचे. जलसंधारणामुळे आज देशभर माहीत असलेले हिवरे बाजार याच टापूत येते. अवर्षणाचा, उघड्या माळांचा हा मुलूख. पौषात येथे आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने थंड होते आणि पहाटे हुडहुडी भरते. तरीही खळ्यावर राखणीला बसलेला शेतकरी किंवा मेंढरांच्या वाड्याशेजारी पडलेला धनगर पिढ्यान् पिढ्या उघड्यावरच झोपत आला. अंगावर घोंगडी, उशाला काठी, जवळ काटक्यांची शेकोटी. धनगरांनी कातलेल्या लोकरीची, सनगरांनी विणलेली आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली घोंगडी वारा अडवते आणि दवही चटकन आत मुरू देत नाही. शिपाईगड्याचे अंथरूण-पांघरूणही याहून फारसे वेगळे नसे. सरदारांना डेरे आणि राहुट्या. बाकीच्यांना जमले तर पाल, नाहीतर घोड्याची झूल.

तेव्हा ‘मराठ्यांना थंडीची सवय नव्हती’ हे नेहमीचे विधान अर्धेच खरे आहे. थंड रात्र त्यांच्या ओळखीची होती. ओळखीचा नव्हता तो थंड दिवस. नगरच्या माळावर पहाट कितीही गार असली तरी दहा वाजेपर्यंत ऊन अंगात भिनते, ओली घोंगडी वाळते, आखडलेले हातपाय मोकळे होतात. पानिपत-कर्नालच्या पट्ट्यात पौष-माघात धुके उतरले की कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही. दुपारीही अंग तापत नाही, कपडा वाळत नाही आणि आदल्या रात्रीचा गारठा अंगात असतानाच पुढची रात्र सुरू होते.

‘छावणी’ या शब्दाचा जुना अर्थही येथे ध्यानात घ्यावा. मराठी लष्करात छावणी म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, हिवाळा-उन्हाळा मुलूखगिरीत घालवायचा आणि मृगाच्या आत परतायचे किंवा जेथे असू तेथे छावणी करायची. युरोपातील फौजा हिवाळ्यात लढाई थांबवून निवारा शोधत. मराठ्यांसाठी हिवाळा हाच लढाईचा हंगाम होता. दख्खनच्या हवामानात तो हिशेब अचूक होता. शिवाय शिंद्यांच्या पथकाने उत्तरेचा हिवाळा पूर्वीही पाहिलेला होता. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले, तेही ऐन थंडीत, यमुनेच्या काठी.

मग पानिपतावर वेगळे काय घडले? फौज थांबली. रोज कूच करणाऱ्या लष्कराला रोज नवे रान मिळते, नवा चारा आणि नवे सरपण मिळते. एकाच जागी खंदक खणून बसलेल्या प्रचंड जमावाने भोवतालचा मुलूख काही आठवड्यांतच धुऊन काढला. लष्कराबरोबर यात्रेकरू होते, बायका होत्या, बाजारबुणगे होते. या सर्वांच्या चुली त्याच लाकडावर पेटत आणि त्याच लाकडावर रात्र निघे.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशिराज पंडित त्या वेळी समोरच्या गोटात होता. त्याच्या वृत्तांतातील एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. अब्दालीचे पाच हजार स्वार रात्रभर मराठी तळाच्या जवळ गस्त घालीत. एका रात्री तळावरील लोक गवत व सरपण आणण्यासाठी रानात गेले असता शाहपसंदखानाच्या गस्तीने त्यांना गाठले आणि कापून काढले. काशिराज त्यांची संख्या वीस हजार सांगतो. हा आकडा जपूनच घ्यावा. पण निःशस्त्र माणसे एवढा धोका पत्करून अंधारात बाहेर पडतात, यावरून तळातील अवस्था कळते.

डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशा मावळली. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी तर अंधारात वाट चुकून थेट अफगाणांच्या गोटात शिरली आणि मारली गेली. थंडी आणि भूक यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो, कारण शरीर आपली ऊब अन्नातूनच निर्माण करते. उपाशी माणसाला घोंगडी पुरत नाही. ती असलेली ऊब राखते, नवी देत नाही. घोड्यांचेही तेच झाले. समोरच्या फौजेवरही तेच धुके उतरत होते, पण डोंगराळ मुलुखातल्या त्या लोकांपाशी मेंढीच्या कातड्याचे पोस्तीन होते आणि अंतर्वेदीतून नजीबखानाच्या मुलुखाचे धान्य येत होते.

१३ जानेवारीला सरदारांनी भाऊसाहेबांपुढे गाऱ्हाणे मांडले : दोन दिवस पोटात अन्न नाही, असे कुढून मरण्यापेक्षा लढून मरू. दुसऱ्या दिवशी पहाटे तोंडाला हळद फासून फौज बाहेर पडली.

संध्याकाळी पळ सुटला आणि हिवाळ्यातील सर्वांत वाईट रात्र आली. आता तळ नव्हता, शेकोटी नव्हती, पाठीवर अफगाण होते. तरुण नाना फडणीस घोडा आणि पोशाख टाकून पायी निघाले, गवतात लपत लपत वाचले. जे मथुरा-भरतपूरच्या बाजूला पोहोचले त्यांना सूरजमल जाटाने अन्न, वस्त्र आणि औषधोपचार दिला. त्या महिन्यात वस्त्राचे मोल अन्नाहून कमी नव्हते.

महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊन पडले होते. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून दक्षिणेच्या वाटेला लावले, असे सांगतात. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानून सरदारकी दिली. १७७१ च्या फेब्रुवारीत मराठी फौजेने दिल्ली घेतली, तेव्हा महादजी तिथे होते आणि दिवस थंडीचेच होते.