हिवतापाचे निदान : काचपट्टी आणि झटपट चाचणी

सागवानी जंगलासाठी प्रसिद्ध असलेल्या आलापल्लीहून एटापल्ली, भामरागड व सिरोंचाकडे रस्ते फुटतात. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की आतील अनेक गावांचा संपर्क तुटतो आणि हिवतापाचे दिवसही तेच असतात. राज्यात या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने वर्षानुवर्षे गडचिरोली जिल्ह्यात आढळत आले आहेत. 'फाल्सिपेरम' प्रकारचा हिवताप मेंदूपर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकतो. त्यामुळे निदानास लागणारा वेळ येथे निर्णायक ठरतो.

निदानाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिली काचपट्टीची. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. जंतूंचा प्रकार व संख्या दोन्ही कळतात आणि औषध लागू पडते आहे की नाही, हेही पाहता येते. मात्र त्यासाठी प्रयोगशाळा व कुशल तंत्रज्ञ हवा. नमुना दूर पाठवावा लागला, तर अहवाल येण्यात मोलाचे दिवस जातात.

दुसरी पद्धत झटपट चाचणीची. पट्टीवर थेंबभर रक्त आणि द्रावण टाकले की साधारण पंधरा ते वीस मिनिटांत रेषा उमटते. प्रशिक्षित आशा स्वयंसेविका गावातच ती करू शकते. पूर्वीचे संच केवळ फाल्सिपेरम ओळखत. २०१३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात 'व्हायव्हॅक्स'ही ओळखणारे दुहेरी संच आले. दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने हा बदल महत्त्वाचा ठरला.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. फाल्सिपेरमची रेषा ज्या प्रथिनामुळे उमटते, ते जंतू नष्ट झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. म्हणून रुग्ण बरा झाला का, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. जंतू फार कमी असल्यास किंवा संच अतिउष्णतेत ठेवल्यास रेषा उमटत नाही. काही फाल्सिपेरम जंतूंमध्ये हे प्रथिन तयार करणारे जनुकच नसते. तेव्हाही चाचणी चकवू शकते.

थोडक्यात, दुर्गम गावात उपचार तातडीने सुरू करण्यासाठी झटपट चाचणी, तर शंकानिरसन व पाठपुराव्यासाठी काचपट्टी उपयुक्त ठरते. चाचणीत काही आढळले नाही, तरी ताप कायम असल्यास रक्त पुन्हा तपासावे. शुद्ध हरपणे वा झटके येणे अशी लक्षणे दिसल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.